नायट्रिक ऑक्साइड नॅनोकणात कोंडता येतो का? नियंत्रित रिलीजच्या प्रश्नावर सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने मधुमेही रुग्णांच्या न भरणाऱ्या जखमांसाठी नायट्रिक ऑक्साइड सोडणारे नॅनोकण बनवले आहेत. पॉलिमर पीएलजीए (शरीरात हळूहळू झिजणारा), वायू देणारा डोनर जीएसएनओ म्हणजे एस-नायट्रोसोग्लुटाथायोन, पद्धत डबल इमल्शनची (पाण्याचे थेंब पॉलिमरच्या द्रावणात, आणि ते पुन्हा पाण्यात). कणांचा आकार दीडशे नॅनोमीटरच्या आसपास आला आहे, एन्कॅप्सुलेशन (कणात अडकलेल्या डोनरचं प्रमाण) ऐंशी टक्क्यांच्या वर दिसतंय, पण डायलिसिस बॅगेत (फक्त लहान रेणू बाहेर सोडणाऱ्या पिशवीत) ठेवलं की ग्रीस टेस्ट या रंगाच्या चाचणीप्रमाणे दोन तासांत जवळपास सगळं बाहेर. पीएलजीए तर महिनाभर टिकतो, मग हे असं का? पॉलिमर बदलू, की वायूच बदलून कार्बन मोनॉक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइड घेऊ? हातात सहा महिने आहेत. आणि पुढे पीएच.डी.ला हेच काम सिकलसेलसाठी (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजारासाठी) नेता येईल का?

मी फॉर्म्युलेशनच्या कामात बरीच वर्षं आहे, त्यातला मोठा काळ नागपुरातच, आणि अशा वायूंच्या डोनरवर काम केलेलं आहे. तुमचा प्रश्न चांगला आहे. तुम्ही आलेला आकडा दडवला नाही, तो का आला हे विचारलं, त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी मूळ अडचण मांडतो. तुम्ही पीएलजीएकडे डबा म्हणून बघताय: आत वायू, बाहेर भिंत, भिंत झिजेल तसा वायू येईल. साध्या औषधाला हे चित्र कसंबसं चालतं, वायूला अजिबात चालत नाही. एकदा आकडेमोड करून बघा. नायट्रिक ऑक्साइडचा पाण्यातला डिफ्यूजन कोएफिशंट साधारण ३ × १०⁻⁵ चौरस सेंटीमीटर प्रति सेकंद. तुमच्या कणाची त्रिज्या ७५ नॅनोमीटर धरली, म्हणजे ७.५ × १०⁻⁶ सेंटीमीटर. त्रिज्येचा वर्ग भागिले डिफ्यूजन कोएफिशंट, उत्तर येतं दोन मायक्रोसेकंदांच्या आसपास. घट्ट पॉलिमरमध्ये वायूची चाल हजार पटीने मंदावली असं धरलं तरी उत्तर मिलिसेकंदातच राहतं. एवढ्या लहान कणात मोकळा वायू धरून ठेवणं म्हणजे जाळीच्या पिशवीत पाणी भरण्यासारखं आहे. पॉलिमर कितीही बदला, या गणितात फरक पडत नाही.

मग नियंत्रण येतं कुठून? डोनरमधून वायू सुटण्याच्या रासायनिक अभिक्रियेतून. प्रत्येक डोनरला काहीतरी ट्रिगर लागतो. डायझेनियमडायोलेट या नायट्रिक ऑक्साइड देणाऱ्या दुसऱ्या गटाला प्रोटॉन आणि पाणी लागतं. जीएसएनओसारख्या नायट्रोसोथायोलला उजेड, उष्णता किंवा तांब्याचे आयन पुरतात. लसणातल्या डायअलिल ट्रायसल्फाइड या हायड्रोजन सल्फाइडच्या डोनरला थायोल (गंधक-हायड्रोजन गट असलेला रेणू), जसं पेशीतलं ग्लुटाथायोन, लागतं. पॉलिमरचं काम त्या ट्रिगरला डोनरपर्यंत कधी आणि किती पोचू द्यायचं, आणि डोनरला स्वतःला जागेवर कसं धरून ठेवायचं, एवढंच आहे. म्हणून या विषयात डिझाइनची सुरुवात पॉलिमरपासून न करता ट्रिगरपासून करावी असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आलो. आधी ट्रिगर, मग डोनर, आणि पॉलिमर सगळ्यांत शेवटी.

याचं एक सुरेख उदाहरण कार्बन मोनॉक्साइडचं आहे. २०१० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या एका गटाने रुथेनियम-कार्बोनिल गट पॉलिमरच्या साखळीलाच बांधले आणि त्याचे मायसेल (साखळ्या एकत्र येऊन बनणारे नॅनोगोळे) बनवले. वायू सुटायला सिस्टीनसारखं थायोल लागत होतं. मायसेलमुळे थायोल आत पोचायला वेळ लागला आणि वायू सावकाश निघाला. त्या मायसेलमध्ये मोकळा वायू कोंडलेला नव्हता, डोनर साखळीला बांधलेला होता आणि पॉलिमर ट्रिगरला अडवत होता.

आता तुमच्या दोन आकड्यांकडे येतो, कारण मला दोन्हींबद्दल शंका आहे.

पहिला, ऐंशी टक्क्यांचं एन्कॅप्सुलेशन. तुम्ही हे अप्रत्यक्ष पद्धतीने काढलं असणार: सेंट्रिफ्यूज केलं, वरच्या द्रवात किती जीएसएनओ राहिलं ते मोजलं, सुरुवातीच्या वजनातून वजा केलं, उरलेलं कणात गेलं असं मानलं. टिकाऊ औषधाला ही पद्धत ठीक आहे. पण जीएसएनओ प्रोब सोनिकेशनच्या (ध्वनिलहरींनी इमल्शन करण्याच्या) उष्णतेत मोडतं, रोटाव्हेपरवर (सॉल्व्हंट उडवण्याच्या यंत्रावर) मोडतं, खिडकीतून येणाऱ्या उजेडात मोडतं. जे मोडलं ते वरच्या द्रवात दिसत नाही, आणि तुमच्या हिशोबात ते गुपचूप ‘कणात गेलेलं’ म्हणून जमा होतं. त्यामुळे पूर्ण हिशोब मांडा. कण विरघळवून आतलं जीएसएनओ मोजा, वरच्या द्रवातलं मोजा, दोन्हीकडचं नायट्राइट मोजा, आणि या सगळ्यांची बेरीज सुरुवातीच्या मोलशी जुळते का बघा. जीएसएनओचं शोषण ३३५ नॅनोमीटरला असतं, साध्या यूव्हीवर होतं. पण कणांमुळे प्रकाश विखुरतो, म्हणून रिकाम्या कणांचं ब्लँक तितकंच दाट घ्या. या हिशोबात प्रत्यक्ष लोडिंग ऐंशीच्या बरंच खाली आलं तर घाबरू नका. तोच तुमचा खरा आकडा आहे आणि परीक्षकाला तोच पटेल.

डोळ्यांनीही बरंच कळतं. ताजं जीएसएनओ गुलाबी असतं, त्याचं द्रावणही गुलाबी. पहिलं इमल्शन करताना बर्फात ठेवलेल्या व्हायलचा रंग सोनिकेशनच्या आधी आणि नंतर पांढऱ्या कागदापुढे धरून बघा. रंग फिका पडला असेल तर डोनर त्या एका मिनिटातच गेलं. प्रोब सलग न चालवता मधे मधे थांबवत चालवा, व्हायलला अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा.

दुसरा आकडा दोन तासांच्या रिलीजचा. ग्रीस टेस्ट नायट्रिक ऑक्साइड मोजत नाही, नायट्राइट मोजते. त्यामुळे तीन वेगवेगळ्या गोष्टी तिच्यात एकसारख्या दिसू शकतात: कणातून निघून नायट्राइट झालेला वायू, न मोडता बॅगेतून बाहेर आलेलं आणि मग बाहेरच्या बफरमध्ये मोडलेलं जीएसएनओ, आणि जीएसएनओ बनवताना उरलेलं सोडियम नायट्राइट. तुमच्या डोनरचा रेणुभार ३३६ आहे. नेहमीच्या डायलिसिस मेम्ब्रेनमधून तो सहज पार होतो. शिवाय तो पाण्यात अतिशय विरघळतो, आणि डबल इमल्शनमध्ये असे लहान, पाणीप्रिय रेणू आतल्या पाण्याच्या थेंबांत आणि पृष्ठभागाशी बसतात. दीडशे नॅनोमीटरचा पीएलजीए कण पाण्यात पडताच भिजतो. त्याचं झिजणं महिना घेईल, पण डोनरला बाहेर पडायला झिजण्याची वाट बघावी लागत नाही. म्हणजे तुमचं ‘रिलीज’ बहुतेक डोनरची गळती आहे, असा माझा अंदाज.

हा अंदाज तपासणं अवघड नाही. बाहेरच्या बफरचा प्रत्येक नमुना दोन भागांत घ्या. एकाची साधी ग्रीस करा, दुसऱ्याची मर्क्युरिक क्लोराइड घालून सव्हील पद्धतीने. साधी ग्रीस फक्त नायट्राइट दाखवेल, सव्हील नायट्राइट अधिक अखंड नायट्रोसोथायोल दाखवेल. दोन्हींतला फरक म्हणजे न मोडता गळालेलं डोनर. पहिल्या अर्ध्या तासात हा फरक मोठा आला तर उत्तर मिळालं. शून्य वेळेचा नमुना विसरू नका, त्यात नायट्राइट आलं तर ते तुमच्या डोनरच्या बॅचमधलं उरलेलं आहे. पाऱ्याचा कचरा वेगळ्या बाटलीत जमा करा, सिंकमध्ये अजिबात नको. प्रत्यक्ष वायू बघायचा असेल तर एनओ (नायट्रिक ऑक्साइड) इलेक्ट्रोड किंवा केमिल्युमिनेसन्स अ‍ॅनालायझर उत्तम. ते नसेल तर ऑक्सिहिमोग्लोबिनची पद्धत आहे. वायू भेटला की त्याचं मेथहिमोग्लोबिन (प्राणवायू वाहून न नेणारं हिमोग्लोबिन) होतं आणि ४०१ नॅनोमीटरला शोषण वाढतं. त्याला यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरच पुरतो.

आता आपल्या गावाबद्दल, कारण हे पुस्तकात लिहिलेलं नसतं. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो. डायक्लोरोमिथेन चाळीस अंशांच्या जरा खालीच उकळतं. म्हणजे एसी नसलेल्या लॅबमध्ये तुमचं सॉल्व्हंट टेबलावरच उकळायच्या बेतात असतं. इमल्शनमधून ते झपाट्याने उडतं, थेंब नीट घट्ट व्हायच्या आत कण सच्छिद्र होतात, आणि सच्छिद्र कण गळतात. टाकीतून येणारं नळाचं पाणीही कोमट असतं, त्यामुळे रोटाव्हेपरचा कंडेन्सर थंड होत नाही, बाष्पीभवन लांबतं आणि तेवढा वेळ डोनर उबेत बसतं. ज्या लॅबमध्ये वाळ्याचे कूलर चालतात तिथे आणखी एक त्रास: हवा दमट होते, आणि पुढे डायझेनियमडायोलेट वापरलंत तर ते वजन करेपर्यंत ओलावा धरतं. बॅचेस पहाटे करा किंवा सप्टेंबर ते फेब्रुवारीत आटोपा, बर्फाचं पाणी पंपाने कंडेन्सरमधून फिरवा, आणि प्रत्येक बॅचच्या नोंदीत खोलीचं तापमान लिहा. जानेवारीची आणि मेची बॅच जुळत नाही तेव्हा तो एक कॉलम खूप काही सांगतो.

तांब्याचंही तेच. बफरच्या मिठांत आणि पाण्यात अगदी थोडं तांबं असतं आणि नायट्रोसोथायोल मोडायला ते पुरतं. रिलीज मिडियममध्ये ०.१ मिलिमोलर डीटीपीए (तांब्याला बांधून ठेवणारा पदार्थ) घालून एक प्रयोग आणि न घालता एक, असे दोन्ही करा. दोन्हींत मोठा फरक आला तर तुमचा रिलीजचा वेग पॉलिमर ठरवत नाही, पाण्याची बाटली ठरवते आहे.

मग बदलायचं काय? माझ्या मते डोनर पॉलिमरला रासायनिक बंधाने जोडा. जोडलेलं डोनर गळत नाही. पॉलिमर जागेवर राहतो आणि फक्त वायू सुटतो. इथे बरेच जण कायटोसानकडे वळतात, कारण तो स्वस्त आहे आणि जखमेला चालतो. थायोल लावलेलं कायटोसान घ्यायचं आणि आम्लात नायट्राइट घालून नायट्रोसेट करायचं, म्हणजे थायोलचं नायट्रोसोथायोल करायचं. पण एक धोका आहे. कायटोसानवर प्राथमिक अमाइन असतात आणि नायट्रस आम्ल त्यांच्यावर हल्ला करून साखळीच तोडतं. कायटोसानचा रेणुभार मुद्दाम कमी करायला हीच अभिक्रिया वापरतात. म्हणजे डोनर तयार होता होता पॉलिमर तुटतो, आणि व्हिस्कोसिटी मोजली नाही तर कळतही नाही.

तुमच्या जागी मी असतो तर अल्जिनेट-सिस्टीन (शैवालातल्या पॉलिमरला जोडलेलं सिस्टीन) घेतलं असतं. ईडीसी-एनएचएस या जोडणाऱ्या रसायनांनी सिस्टीन जोडायचं, डायलिसिसने मोकळं सिस्टीन पूर्ण काढायचं, एलमन टेस्टने ४१२ नॅनोमीटरला थायोल मोजायचं, थंडीत आणि अंधारात नायट्रोसेट करायचं, नायट्राइट धुऊन काढायचं, आणि त्यानंतरच कायटोसानशी पॉलिइलेक्ट्रोलाइट कॉम्प्लेक्स (विरुद्ध भारांच्या पॉलिमरांची जोडी) करून नॅनोकण बनवायचे. तोपर्यंत नायट्रस आम्ल उरलेलं नसतं, कायटोसान सुरक्षित. थायोल किती होतं, त्यातलं किती नायट्रोसोथायोल झालं, किती सुटलं, हे तिन्ही आकडे यूव्हीवर निघतात. सहा महिन्यांत आणि कॉलेजच्या लॅबमध्ये होण्यासारखं काम आहे.

दुसरा रस्ता डायझेनियमडायोलेटचा. त्याचा मोठा फायदा म्हणजे अर्धायुष्य आधीच माहीत असतं. ३७ अंश आणि ७.४ पीएचला प्रोली-एनओचं अर्धायुष्य २ सेकंदांपेक्षा कमी, डीईए-एनओचं सुमारे २ मिनिटं, स्परमिनच्या डोनरचं ३९ मिनिटं, डीटा-एनओचं सुमारे २० तास. यावरून डोसचं गणित बसवता येतं. १०० मायक्रोमोल डीटा-एनओ घेतलं तर पहिल्या तासात साधारण ३.४ मायक्रोमोल मोडेल, आणि एका रेणूमागे दोन वायूचे रेणू धरले तर ७ मायक्रोमोलच्या जरा आत वायू मिळेल. पण हे पीएलजीएत टाकू नका, किंवा टाकलंत तर समजून टाका. पीएलजीए झिजताना आत लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक आम्ल साठतं, आतला पीएच घसरतो, आणि प्रोटॉन हाच या डोनरचा ट्रिगर असल्यामुळे वेग वाढत जातो. शिवाय डोनर मोडल्यावर अमाइन मागे उरतं आणि त्याचं नायट्रोसामाइन होण्याचा धोका असतो. अमाइन पॉलिमरलाच बांधलेलं असेल तर तो धोका बराच आटोक्यात राहतो.

हा रस्ता फक्त कागदावरचा नाही. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने बर्डाझायमर जेलला मोलस्कम कंटॅजिओसम या त्वचेच्या विषाणूजन्य आजारासाठी मान्यता दिली. त्यात पॉलिसिलोक्सेनच्या साखळीला डायझेनियमडायोलेट जोडलेलं आहे. दोन ट्यूब येतात: एकीत डोनर, दुसरीत प्रोटॉन देणारं हायड्रोजेल. लावण्याच्या वेळी दोन्ही समान घेऊन मिसळायचं. ट्रिगर डोनरपासून वेगळ्या ट्यूबमध्ये ठेवला की साठवणीचा प्रश्न बराच सुटतो. तुमच्या जेलसाठीही हा विचार करा.

जेलचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. कार्बोपॉल जेल करताना आपल्याकडे सर्रास ट्रायइथेनॉलअमाइनने न्यूट्रल करतात, प्रॅक्टिकलच्या वहीपासून तीच सवय असते. त्यात डायइथेनॉलअमाइनची अशुद्धी असते आणि नायट्रोसेट करणाऱ्या कोणत्याही पदार्थासोबत तिचं एन-नायट्रोसोडायइथेनॉलअमाइन होऊ शकतं, जे कर्करोगकारक मानलं जातं. नायट्रिक ऑक्साइड सोडणाऱ्या जेलमध्ये ते नकोच. पातळ सोडियम हायड्रॉक्साइड वापरा, किंवा एचपीएमसी (सेल्युलोजपासून बनवलेला जेलचा पदार्थ) घ्या, तिथे न्यूट्रल करायची गरजच नाही.

किती वायू हवा, हे जखमेवर अवलंबून आहे आणि इथे मी एक आकडा देऊ शकत नाही. या वायूचा परिणाम मात्रेप्रमाणे उलटतो. काही नॅनोमोलर ते दहा-वीस नॅनोमोलरला तो ग्वानिलेट सायक्लेज हे एन्झाइम जागं करतो, रक्तवाहिन्या सैलावतात. मायक्रोमोलरच्या घरात गेला की जंतू मरतात, पण नव्या पेशींनाही त्रास होतो. मेडिकल किंवा मेयो या इथल्या सरकारी रुग्णालयांच्या सर्जरी ओपीडीत मधुमेही पायाच्या जखमा बघितल्या असतील तर लक्षात येईल की एकच नमुना नसतो. पू भरलेली ताजी जखम आणि महिनोन्‌महिने जागची न हललेली स्वच्छ जखम यांना एकच रिलीज प्रोफाइल लागू पडणार नाही. पहिलीला सुरुवातीला जोरदार मात्रा परवडते, दुसरीला अनेक तास मंद. तुम्ही कोणत्या जखमेसाठी काम करताय ते सिनॉप्सिसमध्ये एका वाक्यात लिहा. आणि ‘आम्लधर्मी जखमेत पीएच-ट्रिगर’ असं लिहिण्याआधी थांबा. निरोगी त्वचा आम्लधर्मी असते, जुनाट जखमा मात्र बहुतेक वेळा सातच्या वर, आठच्याही पुढे असतात. तिथे प्रोटॉनवर चालणारा डोनर तुमच्या बफरमध्ये दिसतो त्यापेक्षा मंद चालेल. रिलीज ७.४ सोबत ८.० पीएचलाही काढा.

वायू बदलण्याबद्दल: सहा महिन्यांसाठी माझं उत्तर नाही असं आहे. कार्बन मोनॉक्साइडचं रसायन टिकाऊ आहे, पण मोजमापात खूप घोळ आहे. कॉर्म-२ आणि कॉर्म-३ या रुथेनियमवर आधारलेल्या प्रसिद्ध डोनरवरचे कितीतरी निष्कर्ष मायोग्लोबिन पद्धतीवर उभे होते, आणि नंतर दिसलं की त्या पद्धतीत घातलेलं सोडियम डायथायोनाइटच वायू सोडवायला मदत करतं. साध्या बफरमध्ये तितका वायू येत नाही, आणि रुथेनियमचे स्वतःचे परिणाम वेगळेच. त्याला गॅस क्रोमॅटोग्राफी हवी, आणि वायू काढून टाकलेल्या डोनरचा कंट्रोल हवा. हवेतले वायू मोजण्याचं काम नागपुरात नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेमध्ये अनेक दशकं चालत आलंय, पुढे पीएच.डी.त अशा ठिकाणच्या लोकांशी बोला.

हायड्रोजन सल्फाइड जखमेसाठी आकर्षक आहे आणि डायअलिल ट्रायसल्फाइड तेलकट असल्यामुळे पीएलजीएच्या गाभ्यात छान बसतं, तिथे तुमचं आताचं तंत्र चालेलही. पण सोडियम हायड्रोसल्फाइडला कंट्रोल म्हणून वापरलंत तर उघड्या वेलप्लेटमधून वायू काही मिनिटांत उडून जातो. ७.४ पीएचला सल्फाइडचा साधारण पाचवा भाग वायूरूपात असतो आणि तोच सतत निसटतो. मिथिलीन ब्लू पद्धतीचं आम्लही काही डोनर स्वतःच मोडतं, आकडा फुगतो. आणि सुरक्षितता: सडक्या अंड्याचा वास येतोय म्हणजे कळेल, या भरवशावर कोणीही राहू नये. शंभर पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं, वास येणं थांबतं, आणि तीच पातळी जीवाला तात्काळ धोक्याची मानतात. सल्फाइडच्या मिठावर आम्ल उघड्यावर ओतू नका, फ्यूमहूड चालत नसेल तर काम करू नका, आणि रात्री एकट्याने तर मुळीच नाही.

आता सिकलसेल. विदर्भातल्या फार्मसीच्या विद्यार्थिनीने हा प्रश्न विचारावा याचा मला मनापासून आनंद झाला. आपल्या आदिवासी आणि दलित वस्त्यांत हा आजार घरोघरी माहीत आहे, आणि जुलै २०२३ पासून राष्ट्रीय निर्मूलन मोहीमही सुरू आहे. शास्त्रीय धागा पक्का आहे. पेशी फुटून रक्तात मोकळं झालेलं हिमोग्लोबिन, लाल पेशीत बंद असलेल्या हिमोग्लोबिनपेक्षा शेकडो पटींनी वेगाने नायट्रिक ऑक्साइड गिळतं, आणि रक्तवाहिन्या आकसतात. मग बाहेरून वायू द्यावा हे ओघानेच आलं. पण वेदनेच्या क्रायसिसमध्ये श्वासातून नायट्रिक ऑक्साइड देण्याची १५० रुग्णांवरची नियंत्रित चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली आणि क्रायसिस लवकर ओसरला नाही. हाच वायू नवजात बाळांच्या फुप्फुसातल्या उच्च रक्तदाबासाठी १९९९ पासून मान्य आहे, साधारण २० पीपीएमने देतात. तिथे तो फुप्फुसाच्या वाहिनीवर थेट पोचतो, पुढे रक्तात गिळला गेला तरी काम झालेलं असतं. सिकलसेलमध्ये त्याला सगळ्या शरीरात पोचायचं असतं, आणि वाटेत गिळणारं हिमोग्लोबिन मोकळं फिरत असतं. नसेतून सोडलेल्या नॅनोकणाचीही हीच अडचण आहे: वायू रक्तात सुटला तर वाया जातो, आणि मेथहिमोग्लोबिन वाढवून आधीच कमी असलेली प्राणवायूची वाहतूक आणखी कमी करतो.

म्हणून या आजारात कार्बन मोनॉक्साइडकडे बघा असं मी सुचवेन. त्याने बांधलेलं सिकल हिमोग्लोबिन ऑक्सिजनयुक्त रूपासारखंच राहतं आणि त्याचे पेशी वाकवणारे दोरे होत नाहीत. पीईजी हा पॉलिमर जोडलेलं कार्बॉक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे पॉलिमर लावलेला आणि वायू भरलेला वाहकच, रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत गेलेला आहे. पण हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो, आणि हे रुग्ण आधीच अ‍ॅनिमियाचे. सुरक्षित मात्रेची खिडकी अरुंद आहे. पीएच.डी.चा प्रश्न तिथे दडलेला आहे आणि त्याला हिमॅटॉलॉजिस्ट सोबत हवा. रुग्णांना आज हायड्रॉक्सियुरिया हे या आजाराचं नेहमीचं औषध नियमित मिळणं हेच सर्वांत मोठं काम आहे, हे आपण लॅबवाल्यांनी विसरू नये.

तुमच्या सहा महिन्यांकडे परत येतो. पहिला महिना आताच्या पीएलजीए बॅचचा हिशोब जुळवण्यात आणि ग्रीस-सव्हील जोडीत घाला. त्यातून गळती सिद्ध झाली तर तेही प्रबंधाचं एक पूर्ण प्रकरण होतं. पुढचे तीन महिने अल्जिनेटचे. उंदरांवरचा प्रयोग करायचाच असेल तर प्राणी-प्रयोग समितीचा अर्ज आताच टाका, त्यालाच वेळ लागतो. उंदराची जखम मुख्यतः कातडी आकसून मिटते, माणसाची नवी त्वचा चढून. म्हणून जखमेभोवती सिलिकॉनची रिंग टाक्यांनी बसवून करा, नाहीतर रिकामं जेलही औषधासारखं काम करताना दिसेल. गट करताना रिकामे कण, आधीच पूर्ण मोडून टाकलेलं डोनर भरलेले कण, आणि मोकळं डोनर हे तिन्ही ठेवा. मधला गट बहुतेक जण गाळतात, आणि परिणाम वायूचा की उरलेल्या ग्लुटाथायोन-नायट्राइटचा हे मग कुणालाच सांगता येत नाही.

कण, वरचा द्रव आणि नायट्राइट, असे तिन्ही आकडे आले की कळवा. अल्जिनेटची कोणती ग्रेड घ्यायची आणि थायोल किती लावायचं, हे त्यावरून ठरवता येईल.